चार बोटं टॉवेल

दिनांक १ डिसेंबर रोजी आमच्या साहेबांना बढती मिळाली आणि त्याच दिवशी कार्यालयीन गाडीच्या मागच्या सीटवरचा टॉवेल बदलण्यात आला. आधीच्या पदाला अर्धा टॉवेल होता, म्हणजे पाठ टेकायच्या भागापुरता. नव्या पदाला पूर्ण टॉवेल आहे. या दारापासून त्या दारापर्यंत, पांढरा, जाड, सोलापुरी. हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. पण लिहिलेले कायदे मोडताना मी खूप जणांना पाहिलंय, हा न लिहिलेला मोडताना एकवीस वर्षांच्या नोकरीत एकालाही पाहिलेलं नाही. असो. त्यानंतर दोन महिन्यांत गाडीचं ॲव्हरेज लिटरला एकवीसवरून तेरावर आलं.

ही बाब गंभीर अशासाठी की आमचं कार्यालय म्हणजे जिल्हा इंधन काटकसर कक्ष, धाराशिव. ‘थेंब थेंब पेट्रोल वाचवा’ असं छापलेले स्टिकर गाडीत घालून तालुक्या-तालुक्याला पोचवणं हे आमचं मुख्य काम. आणि गाडी साधी नव्हे, हायब्रीड आहे. तिच्या पोटात पेट्रोलचं इंजिन आहे आणि एक भलीमोठी बॅटरीही आहे. उतारावर, ब्रेकवर बॅटरी आपोआप भरते आणि हळू चालताना गाडी त्या बॅटरीवर बिनआवाजाची पळते. मुळात ती पुण्याच्या मुख्य कार्यालयात होती. तिथं अकरा वर्षं वापरून, पावणेदोन लाख किलोमीटर पळवून, तिचा रंग उडाल्यावर ती ‘मागास भागातील हरित वाहतुकीस चालना’ या मथळ्याखाली आमच्याकडं आली. पुण्यात जुनं झालेलं बरंच काही आमच्याकडं चालना द्यायला येतं. माझं कपाटही तसंच आलंय, त्याचं दार लागत नाही.

मी गौरीशंकर, या कक्षातला वरिष्ठ सहायक. सगळे मला भाऊसाहेब म्हणतात. गाडीच्या ॲव्हरेजचा मासिक तक्ता मीच तयार करतो, मीच पाठवतो आणि तो कुणी वाचत नाही याबद्दल माझी खात्री होती. जानेवारीचा तक्ता मात्र कुणीतरी वाचला. मुख्य कार्यालयातून एक ओळीचं पत्र आलं: ‘काटकसर कक्षाच्या वाहनाच्या उधळपट्टीचा खुलासा करावा.’

नाईकनवरे साहेबांनी, म्हणजे बढती मिळालेल्या आमच्या साहेबांनी, मला आत बोलावलं.

“भाऊसाहेब, हे तेरा काय आहे?”

“ॲव्हरेज आहे साहेब.”

“ते कळतं मला. लोकांना कळलं तर?”

“लोक हसतील साहेब.”

“लोकांचं सोडा हो. माझी बढती अजून कायम व्हायचीय.” साहेबांनी दार लोटून घ्यायला सांगितलं आणि आवाज खाली आणला. “ड्रायव्हर कसा आहे?”

गाडी कशी आहे, असं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

ड्रायव्हर म्हणजे विरुपाक्षप्पा. अणदूरचे. वय बावन्न, कपाळावर भस्म, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. कंत्राटी माणूस. दर ३१ मार्चला त्यांची नोकरी संपते आणि १ एप्रिलला मुदतवाढीचा कागद आला की पुन्हा सुरू होते. सात वर्षं हे असंच चाललेलं. पेट्रोलपंपावर नळी टक् वाजून थांबली की वर एक थेंब घालू द्यायचे नाहीत, सांडेल म्हणून. पंपावरची पोरं त्यांना ‘थेंबअप्पा’ म्हणायची. आमचं स्टिकर वाचून तसं वागणारा जिल्ह्यातला हा एकमेव इसम, आणि त्याच्यावर पेट्रोल चोरल्याचा संशय घ्यायला साहेबांना अर्धं मिनिटही लागलं नाही.

मी खाली जाऊन अप्पांना सांगितलं की प्रकरण तापलंय. ते हसले. मला हाताला धरून गाडीत मागं बसवलं आणि गाडी चालू केली.

“भाऊसाहेब, हितं कान लावा. आवाज येतोय?”

सीटच्या मागून भणभण ऐकू येत होती.

“ह्यो बॅटरीचा पंखा. बॅटरी बसलीय तुमच्या पाठीमागं. तिला गार हवा लागती, अन् ती हवा ती गाडीतनंच वढून घेती, ह्या जाळीतनं.” त्यांनी टॉवेलची कड उचलली. सीटच्या बगलेत तळहाताएवढी जाळी होती आणि तिच्यावर पांढऱ्या कापसाचा थर बसला होता, बोटानं सोलून निघेल असा. “नवा टॉवेल लांब हाय. त्यो जाळीवरच पडतो. त्याचा कापूस आत जातोय. नाक दाबल्यावर मानूस पळंल का? बॅटरी तापली की गाडी म्हनती, जाऊ द्या, पेट्रोलवरच चालू आपलं. म्हनून लई पेट्रोल लागतंय.”

“मग आता?”

“मग काय! टॉवेल काढा. न्हायतर चार बोटं तिकडं सरकवा. जाळी म्या दाताच्या जुन्या ब्रशनं साफ करतो. धा मिनटाचं काम हाय.”

दहा मिनिटं! शासकीय प्रकरण दहा मिनिटांत संपलं तर आम्ही बाकीचा दिवस करायचं काय?

“अप्पा, हे अजून कुणाला बोललात?”

“न्हाय.”

“बोलू नका. टॉवेल कुणाचा आहे?”

“सायबाचा.”

“साहेबांचा नाही, पदाचा आहे. डावीकडं चार बोटं सरकवला तर उजवीकडं चार बोटं सीट उघडी पडणार. बघणाऱ्याला वाटणार, साहेब अजून खालच्याच पदावर आहेत.”

अप्पांनी टॉवेलची कड सोडून दिली. त्यांना गाडीतलं सगळं कळत होतं, कार्यालयातलं मात्र सात वर्षांत काही कळलं नव्हतं.

तरी मी माझ्या परीनं प्रयत्न केला, हे नमूद करतो. साहेबांपुढं टिपणी ठेवली: ‘वाहनाच्या मागील भागातील वायुविजनास बाह्य वस्तूमुळे अडथळा संभवतो.’ साहेबांनी ती दोनदा वाचली.

“बाह्य वस्तू म्हणजे कोणती?”

साहेब खुर्चीत मागं रेलले होते. खुर्चीवरही पूर्ण टॉवेल होता, त्याची किनार त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत होती. माझ्या बढतीची फाईल त्यांच्या टेबलावर, काचेखाली नव्हे, काचेवर, सहीला तयार पडली होती. कार्यालय अधीक्षक. एकवीस वर्षांनी.

“तपासावं लागेल साहेब,” मी म्हणालो.

“मग तपासा. सगळ्या बाजूंनी तपासा. समिती नेमा.”

समिती नेमली. अध्यक्ष साहेब, सचिव मी, सदस्य म्हणून शंभू शिपाई, कारण तिसरं कुणी कक्षात नव्हतंच. समितीनं पहिल्याच बैठकीत जुन्या हायब्रीड गाडीची निगा या विषयावरची माहितीपुस्तिका मागवली आणि शंभर टक्के बरोबर असलेल्या सूचना शंभर टक्के अमलात आणायचं ठरवलं.

पहिली सूचना टायरमधल्या हवेची होती. हवा कमी असेल तर पेट्रोल जास्त जळतं, सबब दर आठवड्याला हवा तपासावी. बसस्टँडजवळचा पंक्चरवाला दोन मिनिटांत हवा बघतो, पण त्याच्याकडं शिक्का नाही. प्रमाणपत्र देणारं मान्यताप्राप्त केंद्र सोलापूरला. त्यामुळं दर सोमवारी पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी सोलापूरला जाऊन येऊ लागली, एकशेचाळीस किलोमीटर. पुस्तिकेत असंही होतं की हवा टायर थंड असताना मोजावी. सत्तर किलोमीटर पळाल्यावर टायर तापून आकडा वर जायचा, केंद्रवाला म्हणायचा हवा जास्त आहे, आणि ती थोडी सोडून द्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर थंड होऊन पिचकलेले असायचे. अप्पा पहिल्या दिवशी केंद्रवाल्याशी भांडले. प्रमाणपत्र आणायला सोबत गेलेल्या शंभूनं तशी तक्रार लिहून दिली: ‘वाहनचालक तपासणीस विरोध करतो.’ फाईलमध्ये लावली. ॲव्हरेज बारा.

दुसरी सूचना वजनाची. गाडीत नको ते ओझं बाळगू नये. समितीनं डिकी उघडून पाहिली. स्टिकरचे गठ्ठे काढता येईनात, कारण ते वाटायचेच होते. मग स्टेपनी, जॅक आणि पान्हे काढून माझ्या कपाटाशेजारी ठेवण्यात आले. अप्पा म्हणाले, “अवो, वाटंत पंक्चर झाली तर?” साहेब म्हणाले, “नकारात्मक बोलू नका.” आणि गाडीतून पेट्रोल काढलं जातं की काय हे बघायला शंभूला रोज सोबत पाठवायचं ठरलं. शंभूचं वजन ब्याण्णव किलो. स्टेपनीचं मी विचारलं नाही.

येरमाळ्याच्या अलीकडं गाडी पंक्चर झाली. त्या दिवशी मीही सोबत होतो. दुपारचा दीड. कळंबहून स्टेपनी मागवेपर्यंत तीन तास साहेब एका रसवंतीच्या बाकड्यावर बसून होते, आणि बाकडं तेलकट होतं म्हणून गाडीतला टॉवेल काढून त्यावर अंथरला होता. उसाचा रस टॉवेलावर सांडला, मुंग्या लागल्या. परतताना तो टॉवेल गुंडाळून डिकीत टाकला आणि साहेब प्रथमच उघड्या सीटवर बसले. अप्पांनी मागचं दार लावता लावता, बोटानं जाळीवरचा कापूस ओढून काढला. दोन गावं गेली, भणभण थांबली. धाराशिव यायला आलं तेव्हा समोरच्या पडद्यावर आकडा होता, वीस पॉइंट दोन.

अप्पांनी आरशातून माझ्याकडं पाहिलं. तोंड उजळलं होतं त्यांचं. “सायेब, बगा! आता ध्यानात आलं का कशानं झालं त्ये?”

साहेब पुढं वाकले, आकडा बघितला आणि मांडीवर थाप मारली. “आलं ना! स्टेपनी नव्हती म्हणून!”

दुसऱ्या दिवशी स्टेपनी कायमची बाद करण्याचा आदेश निघाला. टॉवेल धुऊन, कडक इस्त्री करून सीटवर परत गेला. ॲव्हरेज बारा. तेव्हा वस्तुस्थिती माझ्या तोंडावर आली होती, दातापर्यंत आली होती, पण आदेशाचा मसुदा मलाच लिहायचा होता, आणि तो लिहिताना काही बोलायचं राहून गेलं.

फेब्रुवारी संपत आला. ऊन वाढलं. तिसरी सूचना: एसीमुळं पेट्रोल जास्त लागतं, सबब एसी बंद. काचाही बंद, कारण उघड्या काचांमुळं वाऱ्याचा अडथळा होतो, असंही पुस्तिकेतच होतं. एकोणचाळीस अंशांत चार माणसं, नऊशे स्टिकर आणि एक बॅटरी अशी सगळी मिळून तीच उकळती हवा घेऊ लागली. बॅटरीनं हाय खाल्ली. शंभू तुळजापूरच्या घाटात ओकला. साहेबांचा शर्ट टॉवेलाला चिकटला. ॲव्हरेज नऊ.

नऊ हा आकडा मुख्य कार्यालयाला सहन झाला नाही. तक्ता यापुढं दर आठवड्याला पाठवा, असं पत्र आलं. आता सगळे उपाय करून झाले होते आणि प्रत्येक उपायाला फाईलमध्ये पुरावा होता. फक्त एकच गोष्ट बदलायची राहिली होती. ५ मार्चला अप्पांच्या हातात मी स्वतः नोटीस दिली: पंधरा दिवसांत ॲव्हरेज वीसवर न आल्यास इंधन अपहार झाल्याचे गृहीत धरून कंत्राटास मुदतवाढ देण्यात येणार नाही.

अप्पांनी ती दोनदा वाचली. “अपहार म्हंजे चोरीच ना भाऊसाहेब?”

“तसा शब्द आहे तो.”

“म्या चोरलं?” त्यांचा आवाज फाटला. “अवो, नोकरी गेली तर गेली. ट्रॅक्टर चालवीन, टमटम चालवीन. पर गावात काय तोंड दाखवू? सात वरसं कपाळाला भस्म लावून सरकारी गाडीवर बसलोय म्या!”

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी त्यांना चहा पाजला.

चहा पिता पिता ते एकदम म्हणाले, “टॉवेल काढायचा न्हाय ना?”

“नाही.”

“सरकवायचा न्हाय?”

“नाही.”

“आखूड केला तर?”

मी इकडं-तिकडं बघितलं. टॉवेल दर शनिवारी धुवायला अप्पांच्याच घरी जायचा. घरी तुळजाबाई, त्यांच्या पत्नी, शिवणकाम करतात. अणदुरातल्या निम्म्या पोरींचे शाळेचे फ्रॉक त्यांनीच शिवलेले. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. कप खाली ठेवून म्हणालो, “जे कराल ते नीट करा.” आमच्याकडं याला मंजुरी म्हणतात.

सोमवारी टॉवेल परत आला. जाळीच्या बाजूनं बरोबर चार बोटं कापून, किनार उसवून पुन्हा जशीच्या तशी लावलेली. काय हात आहे त्या बाईचा! मला माहीत असून टीप सापडेना. साहेब येऊन बसले, दोन्ही बाजूंना हात पसरून बघितला, समाधानानं टेकले. त्याच्या आधी सकाळी अप्पांनी जाळी ब्रशनं घासली होती, आतला कापूस सायकलच्या पंपानं हवा मारून काढला होता आणि बसस्टँडच्या पंक्चरवाल्याकडं थंड टायरांत हवा भरून घेतली होती. एसी नुसता मंद लावला होता. साहेबांना वाटलं बाहेर गार पडलंय.

दुपारी अप्पा माझ्या टेबलाशी आले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली पट्टी पुढं ठेवली. चार बोटं रुंद, सीटच्या उंचीएवढी लांब, एक बाजू सफाईनं दुमडून टीप मारलेली. “तुळजाबाईनं दिलीय. म्हनली, सरकारी माल हाय, आपल्या घरात नगो. पोच द्या.”

“पोच कशाला अप्पा, आपल्या-आपल्यात?”

“उद्या कुनी इचारलं तर दाखवायला. ह्योच एक पुरावा हाय बगा माझ्याकडं.”

“मी आहे ना,” मी म्हणालो, आणि पट्टी खिशात टाकली.

आठवडाभरात आकडा साडेएकवीस झाला. पुण्यानं अकरा वर्षं वापरलेली, रंग उडालेली गाडी नव्यासारखी पळायला लागली. मी तक्ता लिहिताना शेवटचा आकडा दोनदा गिरवला. साहेबांनी पेढे आणले. शंभूनं चार खाल्ले. अप्पांनी एक घेतला, अर्धा खाल्ला आणि अर्धा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला.

तीन दिवसांनी मुख्य कार्यालयाचं पत्र आलं: ‘वाहनाचे ॲव्हरेज अचानक वाढण्याच्या कारणाचा खुलासा करावा.’

चौकशीला विभागीय कार्यालयातून हर्षाली मॅडम आल्या. तिशीच्या आतल्या, हुशार, लॅपटॉपवर आलेख घेऊनच आलेल्या. साहेबांच्या दालनात आम्ही सगळे बसलो. अप्पा उभे होते. मॅडमनी लॅपटॉप आमच्याकडं वळवला. एक रेघ खाली खाली गेली होती आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एकदम उभी वर आली होती.

“या काळात इंजिनचं काही काम झालं?”

“नाही,” मी म्हणालो.

“नवीन बॅटरी? फिल्टर? ऑइल?”

“नोंद नाही मॅडम.”

“म्हणजे गाडी तीच. रस्ते तेच. उपाययोजना सगळ्या आधीच झालेल्या, तेव्हा काही फरक नाही. ५ मार्चला चोरीची नोटीस दिली आणि १० मार्चपासून ॲव्हरेज वाढलं.” मॅडमनी लॅपटॉपवर बोट टेकवलं. “नोटिशीला गाडी घाबरत नाही. माणूस घाबरतो.”

 तर्कात कुठं फट नव्हती, मीही शोधून पाहिली.

“न्हाय मॅडम,” अप्पा म्हणाले. “बॅटरीच्या जाळीवर टॉवेल येत हुता. त्यो चार बोटं आखूड केला म्हनून वाढलं.”

मॅडम हसल्या. “टॉवेलानं ॲव्हरेज?”

साहेब हसले नाहीत. “कुणाचा टॉवेल आखूड केला?”

“सायेब, तुमचा.”

साहेबांचा चेहरा जसा उतरला तसा मी एकवीस वर्षांत कुणाचा उतरलेला पाहिला नव्हता. मॅडमनी मला साठा नोंदवही काढायला लावली. नोंद होती: ‘टॉवेल, पांढरा, पूर्ण, नग एक.’ लांबी लिहिलेली नव्हती. ती मी लिहायची असते.

“साहेब, गाडीतला टॉवेल पूर्ण आहे का?” मॅडमनी विचारलं.

“अर्थात पूर्ण आहे,” साहेब म्हणाले. “मी रोज बसतो त्यावर.”

स्वतःचा टॉवेल अपूर्ण आहे असं कुठला अधिकारी सांगेल, आणि तेही बढती कायम व्हायच्या आधी?

“कापल्याचा काही पुरावा?”

“पट्टी हाय ना. भाऊसाहेबांकडं दिलीय.” अप्पा माझ्याकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नव्हता. उलट थोडे हसतच होते. “सांगा की भाऊसाहेब.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझी फाईल काचेवर होती, सही व्हायची होती. टॉवेल मागवला मी. लांबी लिहिली नाही मी. कापला जाणार हे ठाऊक असून गप्प बसलो तोही मीच. मला दरदरून घाम फुटला. मी खिशात हात घातला, हाताला आलं ते कापड काढलं, कपाळ पुसलं, मान पुसली, आणि म्हणालो, “मला तसं काही आठवत नाही मॅडम.”

कापड परत खिशात ठेवताना माझ्या लक्षात आलं की तो रुमाल नव्हता. चार बोटं रुंद होतं ते. मॅडम टंकत होत्या, साहेब खिडकीबाहेर बघत होते. अप्पांनी मात्र पाहिलं. त्यांनी ती पट्टी पाहिली, मला पाहिलं, आणि तोंड उघडून पुन्हा मिटलं. मी आजही सांगू शकत नाही की ते का बोलले नाहीत. बहुतेक माझीच लाज वाटली असावी त्यांना.

३१ मार्चला त्यांचं कंत्राट संपलं. १ एप्रिलला कागद आला नाही. जाताना त्यांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, हवेच्या दाबाचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून दिले, आणि म्हणाले, “पट्टी जपून ठेवा भाऊसाहेब. सरकारी हाय.” चिडून बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. सध्या ते ढोकीकडं उसाचा ट्रॅक्टर चालवतात असं कळतं. अणदुरात आता त्यांना थेंबअप्पा कुणी म्हणत नाही. दुसरं काहीतरी म्हणतात, ते मी लिहीत नाही.

नवा ड्रायव्हर आला. साहेबांची बढती कायम झाली, म्हणून नवा टॉवेलही आला, या वेळी दोन्हीकडून खाली लोंबणारा. ॲव्हरेज बारा. मी घाबरत घाबरत तक्ता पाठवला. उत्तर आलं: ‘वाहन जुने झाले असल्याने घट स्वाभाविक आहे. दखल घेण्याची आवश्यकता नाही.’ चोर तर गेला होता, आता शंका घ्यायला उरलं कोण?

मीही अधीक्षक झालो. खुर्चीला अर्धा टॉवेल मिळाला. उन्हाळ्यात पाठ भाजते, पण काढवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, भाऊसाहेब, चुकलात, तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मान्य आहे, शंभरदा मान्य आहे. पण एक गोष्ट माझ्याही मनात आहे, ती विचारून घेतो. या लिखाणाच्या डोक्यावर मी ‘टॉवेल’ असं लिहिलं होतं. पहिल्याच वाक्यात टॉवेल बदलल्याचं सांगितलं होतं. ॲव्हरेज उतरल्याचं त्याच परिच्छेदात, त्याच्या खाली. तोवर ड्रायव्हरचा मी शब्दही काढला नव्हता. तरी ‘एकवीसवरून तेरावर’ हे वाचल्या-वाचल्या तुमच्या मनात पहिल्यांदा कोण आलं?

खरं सांगा. इथं कुणी लिहून घेत नाही.